कोडाचा डाग गेलेल्या जागीच परत का येतो?

इंदुरात रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरात ‘कोड’ म्हणतात तेव्हा अंगावरचे पांढरे डाग एवढाच अर्थ असतो. तोच शब्द जिन्यात हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या कानावर पडला की त्यांना ‘कोढ़’ ऐकू येतं, आणि हिंदीत कोढ़ म्हणजे महारोग. या एका अक्षरापायी मुलाबाळांच्या वाट्याला नको ते येतं, म्हणून आधी हे स्पष्ट करू. महारोग जंतूमुळे होतो आणि नसांना धरतो. त्याचा चट्टा फिकट असतो, पण दुधासारखा पांढरा नसतो, आणि डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा फिरवला तर बहुधा नीट कळत नाही. कोडाच्या डागाला स्पर्श, टोचणं, गरम-थंड सगळं कळतं. कोड शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एकच टॉवेल वापरल्याने पसरत नाही. बाहेर हिंदीत सांगताना ‘सफेद दाग’ म्हणावं.

आजार जुना आहे. अथर्ववेदात याला किलास म्हटलं आहे, आयुर्वेदात श्वित्र. पण डाग नेमका कोण पाडतं हे गेल्या काही दशकांतच उलगडलं. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक गट हे काम करतो, आणि उपचार कुठे लागू पडतो, कुठे फसतो, हे त्या पेशींची चाल कळली की आपोआप समजतं.

आधी रंगाचं पाहू. त्वचेचा वरचा थर कागदाइतका पातळ असतो. त्याच्या अगदी तळाच्या ओळीत मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी बसलेल्या असतात. त्यांना कोळ्यासारखे लांब हात असतात. एक रंगपेशी त्या हातांनी आसपासच्या साधारण ३६ पेशींना मेलॅनिनचे बारीक दाणे पुरवते. गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक दाण्यांच्या आकारात आणि प्रमाणात असतो. कोडाच्या डागात या रंगपेशीच उरत नाहीत. बाकीची त्वचा जशीच्या तशी असते, म्हणून डाग दुखत नाही, सोलत नाही, फक्त पांढरा दिसतो.

रंगपेशीचं काम तसं जोखमीचंच. मेलॅनिन तयार होताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्यं बाहेर पडतात आणि पेशीला ती सतत निस्तरावी लागतात. काहींच्या रंगपेशी जन्मतःच या ताणाला कमी पुरून उरतात. ताण सहन होईनासा झाला की त्या धोक्याच्या खुणा बाहेर सोडतात. एचएसपी-७० हे प्रथिन त्यातलंच. ही खूण वाचून त्वचेतल्या पहारेकरी पेशी जाग्या होतात. त्यातल्या डेंड्रायटिक पेशी रंगपेशीचे तुकडे उचलून काखेतल्या किंवा जांघेतल्या लसीका ग्रंथींकडे घेऊन जातात आणि तिथे टी पेशींना दाखवतात. वर म्हटलेला पांढऱ्या पेशींचा गट तो हाच.

इथे प्रश्न पडतो, की आपल्याच पेशीचा तुकडा पाहून टी पेशीने चवताळावं कशाला? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. नव्या टी पेशींची परीक्षा तिथे होते आणि स्वतःच्या शरीरावर उलटणाऱ्या पेशी तिथेच संपवल्या जातात. पण चाळणीतून थोड्या सुटतातच, प्रत्येकाच्या शरीरात सुटतात. त्यांना आवरायला नियंत्रक टी पेशी असतात. कोड असलेल्यांच्या त्वचेत या नियंत्रक पेशी कमी तरी आढळतात किंवा त्यांचा धाक उरलेला नसतो. एकीकडे त्रासलेली रंगपेशी, दुसरीकडे सैल झालेला पहारा, असं जुळून आलं की आजार सुरू होतो.

हल्ला करणाऱ्या टी पेशींना सीडी-८ म्हणतात. एरवी विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारणं हे त्यांचं काम. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय बनतंय त्याचे बारीक नमुने आपल्या पृष्ठभागावर टांगून ठेवते, धान्याचा व्यापारी पोत्यातला मूठभर माल वर मांडून ठेवतो तसे. सीडी-८ पेशी फिरत फिरत हे नमुने तपासते. कोडात ती रंगपेशीच्या खास प्रथिनांचे नमुने ओळखायला शिकलेली असते: टायरोसिनेज, जीपी-१००, मेलन-ए. ही प्रथिनं शेजारच्या पेशींत नसतात, म्हणून मरतात त्या फक्त रंगपेशी.

हे अनुमानावर सोडलेलं नाही. २००९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रुग्णांच्या डागाच्या कडेवरच्या टी पेशी काढून घेतल्या आणि त्याच रुग्णांच्या चांगल्या त्वचेच्या तुकड्याशेजारी ठेवल्या. त्या पेशींनी चांगल्या त्वचेत शिरून तिथल्या रंगपेशी मारल्या. दुसरा पुरावा कर्करोगाच्या वॉर्डातला. मेलॅनोमा हा रंगपेशींचाच कर्करोग. त्यावर टी पेशींना मोकळं सोडणारी औषधं दिली की काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे डाग उठतात, आणि ज्यांना ते उठतात त्यांचा कर्करोग सहसा जास्त चांगला आटोक्यात येतो. पेशी त्याच, लक्ष्यही तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. सीडी-८ पेशी रंगपेशीपाशी पोचली की इंटरफेरॉन-गॅमा नावाचं द्रव्य सोडते. ते शेजारच्या साध्या त्वचापेशींवर जाऊन बसतं. त्या पेशींच्या आत जॅक-१ आणि जॅक-२ ही प्रथिनं निरोप्याचं काम करतात. निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि त्वचापेशी सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही दोन द्रव्यं बनवू लागते. पहाटे जिलबी तळणाऱ्या दुकानाचा वास जसा गल्लीच्या तोंडापर्यंत जातो तशी ही द्रव्यं पसरतात, आणि रक्तातून जाणाऱ्या आणखी सीडी-८ पेशी त्या वासाच्या मागावर नेमक्या त्याच जागी उतरतात. त्या आल्या की इंटरफेरॉन वाढतं, इंटरफेरॉन वाढलं की वास वाढतो. शिवाय याच इंटरफेरॉनमुळे त्वचापेशींची रंगपेशीवरची पकड सैल होते आणि रंगपेशी आपल्या ओळीतून सुटून जाते. डाग कडेने का वाढतो हे यावरून कळतं. मधल्या भागात मारायला काही उरलेलंच नसतं. लढाई कडेला चालू असते.

सोरायसिसही टी पेशींचाच आजार आहे, पण तिथला गट वेगळा आणि द्रव्यंही वेगळी, मुख्यतः इंटरल्यूकिन-१७ आणि २३. म्हणून सोरायसिसवर उत्तम चालणारी महागडी इंजेक्शनं कोडावर कामाची नाहीत. ओळखीच्या कुणाला गुण आला म्हणून तीच मागू नयेत.

लढाई संपली की बहुतेक टी पेशी मरून जातात. काही मात्र तिथेच ठाण मांडतात. त्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणतात. त्यांच्या अंगावर सीडी-१०३ नावाचा आकडा असतो. तो त्या त्वचापेशींच्या भिंतीत अडकवतात आणि रक्तात परत जातच नाहीत. आसपासच्या त्वचापेशींकडून मिळणारं इंटरल्यूकिन-१५ हा त्यांचा शिधा. विषाणूच्या बाबतीत ही सोय फार मोलाची, कारण तोच शत्रू त्याच जागी परत आला तर पहारा हजर असतो. कोडात हीच सोय उलटते. उपचाराने डाग भरला, नव्या रंगपेशी आल्या, औषध थांबलं, की कोपऱ्यात बसलेली स्मृतिपेशी ओळखीचा नमुना पाहते आणि पुन्हा वास सोडायला लावते. डाग परत येतो तो बहुतेकदा त्याच जागी, जवळपास त्याच आकाराचा. उपचार पूर्ण बंद केल्यावर वर्षभरात १०० पैकी साधारण ४० जणांना हा अनुभव येतो. उंदरांमध्ये इंटरल्यूकिन-१५ चा मार्ग अडवल्यावर या पेशी कमी झाल्या आणि रंग परतला. संशोधकांचं लक्ष सध्या तिकडे लागलं आहे.

तेव्हा कोडाच्या उपचारात कामं दोन: टी पेशींना शांत करणं आणि रंगपेशी परत आणणं. पहिलं न करता दुसऱ्याच्या मागे लागलं की पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

पहिल्या भेटीत डॉक्टर आजार चालू आहे की थांबला आहे हे पाहतात. डागाच्या कडेभोवती तांदळाच्या कणीएवढे बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतील, किंवा पांढरा आणि मूळ रंग यांच्यामध्ये फिकट तपकिरी पट्टा असेल, तर आजार जोरात आहे. खरचटलेल्या रेषेवर नवा डाग उमटणं हीसुद्धा तशीच खूण. अंधाऱ्या खोलीत वुड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, डाग खडूसारखा चमकतो आणि साध्या उजेडात न दिसलेलेही सापडतात. घरी दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच अंतरावरून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढावा. आठवणीवर विसंबून ‘वाढलंय’ किंवा ‘तेवढंच आहे’ म्हणणं हमखास चुकतं. थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी, कारण थायरॉइडवर उलटणारी प्रतिकारशक्ती कोडाच्या जोडीला बऱ्याचदा असते. डाग शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखा असेल तर तो प्रकार निराळा. तो झपाट्याने वाढून साधारण वर्षा-दोन वर्षांत थांबतो.

आजार भराभर पसरत असेल तर स्टिरॉइड आठवड्यातून दोनच दिवस, लागोपाठ, देण्याची पद्धत आहे. ती भारतातच रुजली. मोठ्या माणसाला सहसा बीटामिथासोन ५ मिलिग्रॅम, काही महिने. रोज स्टिरॉइड घेतल्याने होणारे त्रास यात कमी होतात, शून्य होत नाहीत. साखर, रक्तदाब आणि वजन पाहत राहावं लागतं. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून घ्यायची ही गोळी नव्हे.

मलमांत दोन मुख्य. जोरदार स्टिरॉइड मलम अंगावर चालतं, पण महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, म्हणून ते मध्ये सुट्टी देऊन वापरतात. चेहरा, पापण्या, मान आणि जांघा इथे टॅक्रोलिमस बरं: मोठ्यांना ०.१ टक्का, २ ते १५ वर्षांच्या मुलांना ०.०३ टक्का, दिवसातून दोनदा. पहिला आठवडाभर जळजळते, विशेषतः घाम आला की. पुष्कळ जण इथेच ‘सोसलं नाही’ म्हणून सोडून देतात, खरं तर ती जळजळ बहुधा ओसरते. प्रमाण असं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ती स्वतःच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बोटांसकट एक तळहात म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का, हेही लक्षात ठेवावं. डॉक्टर मोजतात ते याच मापाने.

डाग अंगभर असतील तर नॅरोबँड यूव्हीबी हा आजही मुख्य आधार. ३११ ते ३१३ नॅनोमीटरचा हा अतिनील प्रकाश दोन्ही कामं करतो. त्वचेतल्या टी पेशी त्याने मरतात, आणि केसांच्या मुळाशी राखीव असलेल्या मूळपेशी जाग्या होऊन रंगपेशी बनून वर सरकू लागतात. म्हणूनच रंग परत येताना आधी केसांच्या मुळांशी मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटतात, मग ते पसरून एकमेकांना मिळतात. ओठ आणि बोटांची टोकं इथे केस नाहीत, म्हणजे राखीव साठाही नाही. तिथे रंग अडखळतो. डागातले केसच पांढरे झाले असतील तर तो साठाही संपत आलेला असतो.

प्रकाशाची मात्रा साधारण २०० मिलिजूल प्रति चौरस सेंटिमीटरपासून सुरू करतात आणि दर खेपेला १० ते २० टक्क्यांनी वाढवतात. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. बरोबर मात्रेची खूण म्हणजे डागावर येणारी हलकी गुलाबी झाक, जी २४ तासांच्या आत मावळते. त्याहून जास्त टिकली तर मात्रा वाढवू नये. दुखलं किंवा फोड आला तर भरून येईपर्यंत थांबावं. डोळ्यांवर गॉगल, पुरुषांनी जननेंद्रिय झाकलेलं, आणि मलम प्रकाशाच्या आधी न लावता नंतर लावायचं, कारण मलमाचा थर प्रकाश अडवतो.

सगळ्यात जास्त घोटाळा खाडे करण्यात होतो. देवास, धार किंवा महूहून आठवड्यातून तीनदा इंदूरला येणं सोपं नाही, आणि लग्नसराई आली की पंधरा दिवस सहज जातात. मग माणूस येऊन जुन्याच मात्रेवर उभा राहतो आणि भाजतो. आठवडाभराच्या आतला खाडा असेल तर मात्रा वाढवू नये, तीच ठेवावी. एक ते दोन आठवड्यांचा असेल तर २५ टक्के कमी, तीन आठवड्यांपर्यंत असेल तर निम्मी, त्याहून जास्त असेल तर पहिल्यापासून. किती दिवस पडले हे तंत्रज्ञाला तोंडाने सांगावं, त्याने वहीत पाहिलंच असेल असं धरू नये. ‘गुण नाही’ हा निकाल ४८ खेपांआधी देऊ नये. काहींना ७२ लागतात. म्हणजे साधारण चार ते आठ महिने, खाडे पडले तर त्याहून जास्त. तीन महिन्यांत सोडणाऱ्यांचा डाग अनेकदा मोहरीच्या ठिपक्यांवर येऊन थांबलेला असतो, आणि ते पाहून जीव हळहळतो.

नवी औषधं थेट त्या निरोप्यावरच हात ठेवतात. जॅक अडवणारं रक्सोलिटिनिबचं १.५ टक्क्यांचं क्रीम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झालं, १२ वर्षांवरच्यांसाठी, शरीराच्या जास्तीत जास्त १० टक्के भागावर. चाचण्यांत २४ आठवड्यांनी १०० पैकी सुमारे ३० जणांच्या चेहऱ्यावरचा तीन चतुर्थांश डाग भरला. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ टोफासिटिनिबही वापरतात, जी मुळात संधिवाताची गोळी. पोटातून जॅक अडवणारं औषध घेण्याआधी क्षयरोग आणि कावीळ ब-क यांची तपासणी झालीच पाहिजे. आत दबलेला क्षय अशा गोळीने उठतो. ही औषधं वास थांबवतात, स्मृतिपेशी काढून टाकत नाहीत, त्यामुळे थांबवल्यावर डाग परतण्याची भीती इथेही आहेच.

बावचीबद्दल. बावचीत सोरॅलिन असतं आणि ते खरोखर काम करतं, पण उन्हासोबत. अडचण अशी, की बाजारातल्या तेलात ते किती आहे हे कुणी मोजत नाही, आणि इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला असल्याने मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेल लावून बाराच्या उन्हात बसलं की पाण्याचे मोठे फोड येतात, आणि भाजलेल्या जागी टी पेशींना नवं आमंत्रण मिळतं. डाग दुप्पट होतो.

त्वचेला झालेली इजा आजाराला बोलावते, ही गोष्ट घरात रोज लागू पडते. परकराची नाडी घट्ट आवळली की कमरेवर ओळीने डाग दिसतात. रुंद पट्टी शिवून घ्यावी आणि गाठीची जागा बदलत राहावी. चष्म्याची दांडी, घड्याळाचा पट्टा, चपलेचा अंगठा हेही तसेच. वज्रीने टाचा घासाव्यात, पण डागाच्या आसपास नको. दिवाळीत उटणं लावताना अंग खसाखसा चोळायची सवय असते, तिथेही हात हलका ठेवावा. टिकलीचा डिंक तर थेट विषच ठरू शकतो. त्यात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल असलं तर ते रंगपेशीला मारतं. रबरी चपला आणि चिकटवायचे पदार्थ यांतही ते असतं. कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा गोल दिसू लागला तर टिकली त्याच दिवशी बंद करावी. हळदीकुंकवाला कुंकू लावलं तरी चालतं, फक्त खाजलं किंवा काळं पडलं तर तेही थांबवावं.

खाण्याचं मात्र निष्कारण ओझं झालं आहे. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने सीडी-८ पेशी जाग्या होत नाहीत. पोह्यांवर लिंबू पिळल्याने डाग वाढत नाही. दही, चिंच, लिंबू सगळं बंद केलेलं मूल शाळेच्या डब्यासमोर रडवेलं बसतं आणि त्याच्या डागाला काडीचाही फायदा होत नाही.

आनुवंशिकता आहे, पण लोक समजतात तेवढी नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे. जनुकं तंतोतंत सारखी असूनही चारांतल्या तिघांना होत नाही. स्थळ पाहताना हे सांगायला हवं.

शस्त्रक्रिया, म्हणजे चांगल्या जागच्या रंगपेशी काढून डागात लावणं, वर्षभर एकही डाग वाढलेला नसेल तरच करतात. आजार चालू असताना लावलेल्या पेशींनाही तिथे बसलेल्या टी पेशी ओळखतात.

डाग पूर्ण भरल्यावरही काम थोडं उरतं. भरलेल्या जागेवर टॅक्रोलिमस ०.१ टक्का आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवलं तर डाग परतण्याचं प्रमाण बरंच घटतं. दोन वार ठरवून टाकावेत, समजा मंगळवार आणि शनिवार, आणि ट्यूब देवघरातल्या दिनदर्शिकेजवळ ठेवावी. लावताना डाग कुठे होता ते आठवेनासं झालेलं असतं, म्हणून उपचारापूर्वीचा तो फूटपट्टीवाला फोटो जपून ठेवावा आणि त्यात पाहून नेमक्या त्याच जागेवर लावावं.